नाकाने घेतलेली मुलाखत

(द्वितीय वर्ष बी. ए., मानसशास्त्र)

मराठीत ‘वास’ या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक राहण्याचा, दुसरा नाकाला जाणवण्याचा. निवास, वनवास, सहवास यांतला वास निराळा आणि फुलाचा, घामाचा, फोडणीचा वास निराळा. कोशात हे अर्थ वेगवेगळे दिलेले असतात, पण व्यवहारात त्यांच्यात फारसे अंतर नाही असे मला वाटते. माणूस जिथे वास करतो तिथला वास त्याच्या अंगाला लागतो. चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या लुगड्याला धुराचा, गोठ्यात राबणाऱ्याच्या सदऱ्याला शेणाचा, गॅरेजमधल्या पोराच्या हाताला ग्रीसचा, दवाखान्यातल्या नर्सबाईंना स्पिरिटचा. माणूस तोंड उघडून आपले नाव-गाव सांगण्याआधी हा वास त्याचा पत्ता सांगून मोकळा होतो.

आपली भाषा या बाबतीत फार चोखंदळ आहे. कुबट, आंबूस, खवट, करपट, ओशट, धुरकट, मातकट, कुजकट, वशट, उग्र... नकोशा वासांची नावे मोजू लागलो तर हाताची बोटे पुरत नाहीत. चांगल्या वासाला मात्र सुगंध, सुवास, परिमळ, दरवळ असे मोजकेच शब्द, आणि तेही एकमेकांच्या जागी चालून जाणारे. शिवाय ‘मोगऱ्याला वास येतो’ म्हटले तर आपण आनंदाने मान डोलावतो. ‘त्या माणसाला वास येतो’ म्हटले की नाकाला रुमाल लावतो. वाक्य तेच, मोगऱ्याच्या जागी माणूस आला की अर्थ फिरला! माणसाच्या बाबतीत ‘वास’ हा शब्द आपण आरोप म्हणूनच वापरतो.

या आरोपाचा विचार करण्याचे निमित्त असे झाले. मागच्या वर्षी आपल्याकडे मुलाखतीची तयारी करून देणारे एक शिबिर झाले. बाहेरून आलेल्या मार्गदर्शकांनी कपडे कसे असावेत, बूट कसे असावेत, खुर्चीत कसे बसावे हे सारे तासभर समजावून सांगितले. शेवटी, “आणि हो, अंगाला वास येता कामा नये, हलकासा डिओ मारून जा,” एवढे एक वाक्य टाकून ते पुढच्या मुद्द्याकडे वळले. मागच्या बाकांवर खसखस पिकली. का येऊ नये, आला तर नेमके काय होते, आणि डिओ मारल्याने ते टळते काय, याविषयी एक अक्षर नाही. मानसशास्त्राच्या विद्यार्थिनीला हे प्रश्न हसण्यावारी नेता येत नाहीत. म्हणून वाचनालयात जे सापडले ते वाचले, आणि त्याचा मला उमगलेला अर्थ इथे मांडत आहे.

प्रथम नाकाचा कारभार समजून घेऊ. डोळ्यांनी पाहिलेले, कानांनी ऐकलेले जे काही असते ते मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या भागातून पुढे जाते. थॅलॅमस हा जणू कचेरीतला आवक-जावक कारकून. कागद त्याच्या टेबलावर आला, शिक्का बसला, मग तो योग्य खात्याकडे गेला. वासाचे तसे नाही. नाकाच्या छपराशी असलेल्या पेशींकडून निघालेला संदेश गंधकंदात जातो आणि तिथून भावनांशी व स्मृतींशी ज्यांचा निकटचा संबंध आहे अशा भागांपर्यंत थेट पोहोचतो. आवक-जावकच्या वहीत नोंद न होताच हा पाहुणा साहेबांच्या खोलीत शिरतो. म्हणून एखादा वास आला की ‘हे काय आहे’ हे कळण्याआधी ‘आवडले’ किंवा ‘नको’ हे ठरून गेलेले असते. पावसाच्या पहिल्या सरीनंतरच्या मातीचा वास आपल्याला क्षणात शाळेच्या दारात नेऊन सोडतो तो याच वाटेने.

ही वाट उलगडण्यात रिचर्ड अॅक्सेल आणि लिंडा बक या अमेरिकन शास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे. वास ओळखणाऱ्या ग्राहकांच्या जनुकांचा शोध त्यांनी १९९१ साली प्रसिद्ध केला आणि त्याबद्दल २००४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. रंग ओळखायला आपल्या डोळ्यांत तीन प्रकारच्या शंकूपेशी पुरतात. वास ओळखायला मात्र माणसाच्या नाकात सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक आहेत. उंदराच्या नाकात ते हजाराच्या घरात आहेत, पण उंदराला मुलाखती द्याव्या लागत नाहीत. अक्षरे जोडून जसे शब्द होतात तसे या ग्राहकांच्या वेगवेगळ्या जुळणीतून असंख्य वास ओळखले जातात.

नाकाची आणखी एक खोड या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ते फार लवकर सरावते. एकच वास सतत येत राहिला तर काही मिनिटांत तो जाणवेनासा होतो. आपल्याच घराला कसला वास येतो हे आपल्याला कधी कळत नाही; पाहुण्याला मात्र उंबऱ्यातच कळते. जी व्यक्ती रोज अत्तर लावते तिला ते दिवसेंदिवस कमी वाटू लागते आणि ती थेंब वाढवत जाते. आपल्या ओळखीत अशी एखादी व्यक्ती नक्की असते, की जी जिन्यात असताना वरच्या मजल्यावरच्या लोकांना वर्दी मिळते! तिचा त्यात दोष नाही. तिच्या नाकाने तिला फसवलेले असते.

आता घामाविषयी. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो, हे वाचून मी चकित झाले. आपल्या कातडीत दोन मुख्य प्रकारच्या घर्मग्रंथी असतात. पहिल्या प्रकारच्या वीस ते चाळीस लाख ग्रंथी अंगभर पसरलेल्या असतात. त्यांच्यातून पाणी आणि मीठ बाहेर पडते व अंग गार होते. सोलापूरच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो तेव्हा सदऱ्याच्या पाठीवर जे पांढरे नकाशे उमटतात ते याच मिठाचे. दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथी काखेत आणि जांघेत असतात व वयात आल्यावर काम करू लागतात. त्यांच्यातून पाझरणारा द्रव दाटसर असतो आणि कातडीवर वस्ती करून असलेल्या जीवाणूंना तो फार मानवतो. ते त्याचे विघटन करतात आणि त्यातून जी आम्ले व गंधकयुक्त द्रव्ये उडतात त्यांचा तो ओळखीचा वास. म्हणजे वास घामाचा नसून जीवाणूंच्या जेवणावळीचा आहे. जपानी शास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवून दिले की कानातला मळ ओला असणार की कोरडा हे एका विशिष्ट जनुकावर ठरते. काखेच्या वासाचाही त्याच जनुकाशी संबंध आहे. कोरिया, जपान, चीन या देशांतल्या बहुसंख्य लोकांच्या काखेला हा वास फारच कमी येतो. थोडक्यात, काहींना निसर्गाने जन्मतःच पास केले आहे आणि बाकीच्यांनी लाज वाटून घ्यावी असे त्यात काहीही नाही.

परंतु मुलाखतीचा घाम हा उन्हाचा घाम नव्हे. ऊन लागले की अंगभर घाम येतो. भीती वाटली की तळहात, तळपाय आणि काखा भिजतात. भीतीने जो उत्तेजक रस रक्तात उतरतो त्याला काखेतल्या त्या दुसऱ्या ग्रंथी तात्काळ प्रतिसाद देतात. म्हणजे हिशेब असा होतो: ज्याला नोकरीची गरज जास्त, त्याला धास्ती जास्त, धास्ती जास्त त्याला हा घाम जास्त, आणि ज्याला वडिलांच्या ओळखीने नोकरी मिळणारच आहे तो कोरडा ठणठणीत.

या घामाचा समोरच्यावर काय परिणाम होतो हे अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया येथील मोनेल संस्थेत पामेला डाल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले. २०१३ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. काही स्त्रियांच्या काखेतला घाम त्यांनी टिपून घेतला. एकदा व्यायाम करताना आलेला, एकदा लोकांपुढे बोलण्याच्या ताणाने आलेला, आणि एकदा ताणाचाच पण घामरोधक लावल्यानंतरचा. मग दुसऱ्या काही स्त्री-पुरुषांना हे वास देत देत त्यांनी वेगळ्याच स्त्रियांच्या चित्रफिती दाखवल्या. ताणाच्या घामाचा वास नाकाशी असताना स्त्री आणि पुरुष दोघांनाही चित्रफितीतली बाई अधिक ताणाखाली वाटली. पुरुषांनी तर तिला आत्मविश्वास, विश्वासार्हता आणि कार्यक्षमता या तिन्हींत कमी गुण दिले. स्त्रियांनी तसे केले नाही. चित्रातली बाई तीच, तिचे काम तेच. नाकाशी धरलेला कापसाचा बोळा तेवढा बदलला होता.

इथे कुणी म्हणेल, मग सुगंध लावावा, प्रश्न मिटला. तो मिटत नाही, हेच या विषयातले सर्वांत रंजक प्रकरण आहे. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात रॉबर्ट बॅरन या मानसशास्त्रज्ञाने १९८० नंतरच्या काही वर्षांत यावर प्रयोग केले. १९८१ च्या प्रयोगात पुरुष विद्यार्थ्यांची एका तरुणीशी गाठ घालून दिली. ती कधी साध्या, घरगुती कपड्यांत असे, कधी नीटनेटक्या पोशाखात; कधी तिने अत्तर लावलेले असे, कधी नसे. साध्या कपड्यांत अत्तर लावलेली मुलगी विद्यार्थ्यांना अधिक आवडली. मात्र तीच मुलगी नीटनेटका पोशाख करून वर अत्तर लावून आली की ती त्यांना कमी आवडली! १९८३ च्या प्रयोगात स्त्री-पुरुषांना मुलाखत घेणाऱ्यांच्या खुर्चीत बसवले. उमेदवाराने सुगंध लावला होता तेव्हा स्त्री-परीक्षकांनी त्याला वरचे गुण दिले, पुरुष-परीक्षकांनी खालचे. पुढे १९८६ साली असेही दिसले की उमेदवार स्त्री हसतमुखाने, पुढे झुकून, आपुलकीने बोलली आणि शिवाय अत्तरही लावून आली तर पुरुष-परीक्षकांवर उलट परिणाम झाला. एकेक गोष्ट चालली, दोन्ही मिळून जास्त झाल्या. ‘ही आपल्यावर छाप पाडायला बघते आहे’ असे त्यांना वाटले असावे. आपल्याकडे ‘अति तेथे माती’ म्हणतात ते अमेरिकेतही लागू आहे म्हणायचे.

जर्मनीत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर सुगंधाच्या जातीचाही प्रश्न निघाला. पुढारपणाच्या जागेसाठी माणूस निवडायचा होता. ज्या उमेदवाराला ‘पुरुषी’ समजला जाणारा सुगंध होता त्याच्या किंवा तिच्या निवडीबद्दल परीक्षक अधिक ठाम होते. ‘बायकी’ फुलांच्या सुगंधाने ती खात्री कमी झाली. बाई कर्तबगार असली तरी तिच्या अंगाला फुलांचा वास नको, असा याचा अर्थ. आमच्या वर्गात यावरून बराच वाद झाला. एका मैत्रिणीने विचारले, “मग बँकेच्या मुलाखतीला गजरा माळून जावे की नाही?” मला वाटते, सोलापुरात गजऱ्याला कोणी हरकत घेणार नाही, पुण्या-मुंबईच्या संगणक कंपनीत तोच गजरा ‘काकूबाई’ ठरेल. फूल तेच, नाके वेगळी. हे मान्य करणे मला जड जाते, पण आहे ते असे आहे.

आणखी एक प्रयोग सांगते, कारण माझ्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा आहे. २००७ साली अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना लिंबाचा, घामाचा आणि साधा असे वास इतक्या सूक्ष्म प्रमाणात दिले की बहुतेकांना काही जाणवूच नये. मग अनोळखी चेहरे दाखवून विचारले, हा माणूस कितपत आवडला? ज्यांना वास आल्याचे कळले होते त्यांच्या मतावर त्याचा परिणाम झाला नाही. त्यांनी तो बाजूला ठेवला. ज्यांना वास आल्याचे कळलेच नाही त्यांच्या आवडी-निवडीवर मात्र त्याचा परिणाम झाला. नको असलेल्या वासाने चेहराही नकोसा झाला. हे जर खरे असेल, तर मुलाखत घेणारा साहेब प्रामाणिकपणे म्हणेल, “छे, वासाचा काय संबंध? मुलगी मला तितकी हुशार वाटली नाही.” आणि तो खोटे बोलत नसेल.

इथे मला घरचे सांगावे लागते. सोलापुरात हजारो घरांत बायका विड्या वळतात. माझी आईही वळते. रात्री पाने भिजवायची, सकाळी ती ओल्या फडक्यातून काढून कात्रीने कापायची, मांडीवर सूप घेऊन तंबाखू भरायचा, दोरा गुंडाळायचा. हजार विड्यांना तिचा अख्खा दिवस जातो. आमचे घर दोन खोल्यांचे. तंबाखूची धूळ कपड्यांत, केसांत, अंथरुणांत, माझ्या वह्यांतही असते. मला तो वास येत नाही. मी त्यातच वाढले. दिवाळीच्या गर्दीच्या दिवसांत एका कापडाच्या मोठ्या दुकानात मुली घ्यायच्या होत्या म्हणून मी गेले होते. प्रश्नोत्तरे ठीक झाली. शेवटी मुलाखत घेणाऱ्यांनी सहज विचारले, “तुमच्या घरात कोणी तंबाखू खाते का?” मी सांगितले, “आई विड्या वळते.” ते “अच्छा” म्हणाले, कागदावर काहीतरी लिहिले आणि “कळवू” म्हणाले. कळवले नाही. आता, वासामुळे कळवले नाही असे मी म्हणू शकत नाही. त्या दिवशी माझ्यापेक्षा सफाईने बोलणाऱ्या मुली आल्या होत्या. पण नाही असेही म्हणता येत नाही, आणि ते गृहस्थही सांगू शकणार नाहीत. इंग्रजी कच्चे म्हणून नाकारले तर इंग्रजी सुधारता येते. जे कारण देणाऱ्यालाच ठाऊक नाही ते सुधारायचे कसे?

असो. वासाचे महत्त्व काही पाश्चात्त्यांनी आजच शोधून काढलेले नाही. आपल्याकडे चौसष्ट कलांत ‘गंधयुक्ती’ म्हणजे सुगंधी द्रव्ये तयार करण्याची विद्या गणली आहे. वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त तिच्यावर एक अध्याय लिहिला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. राजाने स्नान कसे करावे, अंगाला कोणते लेप लावावेत हे त्यात विस्ताराने आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातले परशुराम कृष्ण गोडे यांनी अशा सुगंधशास्त्राच्या हस्तलिखितांचा माग काढला. त्यांतल्या ‘गंधवाद’ या ग्रंथावर तर मराठी टीका आहे. सुगंध हा राजदरबारचा शिष्टाचारच होता. अत्तर-गुलाब आणि विडा पुढे आला की बैठक संपली, आता उठावे, असे समजत. तोंडाने ‘निघा’ म्हणायची वेळच येत नसे. आपल्या लग्नांत दारात गुलाबपाणी शिंपडतात, मनगटाला अत्तर लावतात, ते त्याच रिवाजाचे शेपूट.

मात्र या साऱ्या सुगंधाचा अर्थ ‘मान’ असा होता. घामाची ‘भीती’ ही नवी आहे, आणि ती मुद्दाम पेरलेली आहे. अमेरिकेत ‘ओडोरोनो’ नावाचे घाम रोखणारे औषध निघाले. मूळचे ते शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचे हात घामाने ओले होऊ नयेत म्हणून बनवलेले. ते खपावे म्हणून १९१९ साली एका महिला मासिकात जाहिरात आली. तिचा आशय असा की, बाईच्या काखेला वास येत असतो, तिला तो कळत नाही आणि लोक तिला सांगत नाहीत. सुमारे दोनशे वाचक बायकांनी रागावून मासिकाची वर्गणी बंद केली. औषधाचा खप मात्र वाढला! ‘लोक पाठीमागे बोलतात, तोंडावर सांगत नाहीत’ या एका वाक्यावर हा सारा धंदा उभा राहिला आणि आजच्या दूरदर्शनवरच्या जाहिरातीही त्याहून फार पुढे गेलेल्या नाहीत.

इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल याने १९३७ साली कोळसा-कामगारांवर लिहिलेल्या पुस्तकात याच भीतीची दुसरी बाजू उघड केली. खालच्या वर्गाच्या अंगाला वास येतो, असे आपल्यासारख्या मध्यमवर्गीय पोरांना लहानपणीच शिकवले गेले, आणि मते बदलली तरी ही शिसारी जात नाही, असे त्याने कबूल केले. आपल्या देशात तर ही शिसारी जातीच्या नावाने शतकानुशतके पाळली गेली. चामडे कमावणाऱ्याला, मैला वाहणाऱ्याला, मासळी विकणाऱ्याला ‘वास येतो’ म्हणायचे. आणि तो वास ज्या कामाचा, ते काम मात्र त्यानेच करायचे. आजही कचेरीत कुणी सुक्या बोंबलाचा डबा उघडला की काही माना वळतात. तूप-हिंगाच्या डब्याला मात्र ‘काय घमघमाट सुटला आहे!’ म्हणतात. हिंगाला काही कमी उग्र दर्प नसतो. नाक तेच सांगते जे त्याला घरात शिकवलेले असते.

तेव्हा उमेदवाराने करावे तरी काय? तत्त्वे बाजूला ठेवून, मुलाखत परवावर आली आहे असे समजून सांगते. आंघोळ ही पहिली, हे सांगायला नको. दुसरे कापड. बेल्जियममधल्या गेंट येथील संशोधकांनी २६ जणांना सायकलीचा व्यायाम करायला लावून त्यांचे बनियन तपासले. त्यांच्या २०१४ च्या निबंधानुसार पॉलिएस्टरच्या बनियनांचा वास सुतीपेक्षा वाईट होता, कारण वास निर्माण करणारे काही जीवाणू त्या धाग्यांवर चांगले फोफावतात. आपण मुलाखतीला म्हणून जो चकचकीत, इस्त्री न मोडणारा शर्ट खास विकत घेतो तो बहुधा पॉलिएस्टरचाच असतो! सोलापूरकरांना सुताचे महत्त्व परक्याने सांगावे लागू नये. तिसरे, ‘डिओ’ आणि घामरोधक या दोन निराळ्या वस्तू आहेत. पहिली जीवाणूंना आवरते आणि वर सुवास पसरते. दुसरीत अॅल्युमिनियमचे क्षार असतात आणि ते घामाच्या नळ्यांची तोंडे तात्पुरती बुजवतात. न्हाव्याच्या पेटीतली तुरटी ही त्याच अॅल्युमिनियमच्या कुळातली. ज्यांना महागड्या बाटल्या परवडत नाहीत त्यांनी ती ओली करून काखेत फिरवावी; आमच्याकडे पुष्कळजण फिरवतात. आणि अंगाचा वास दडपण्यासाठी त्यावर अत्तर ओतू नये. दोन्ही मिसळून तिसरेच काहीतरी तयार होते. काहींना मात्र आजारामुळेच वास येतो. शरीरातल्या एका रसायनाचे विघटन होत नाही म्हणून घामाला मासळीसारखा वास येणारा एक दुर्मिळ विकार आहे. तिथे साबण काय करणार?

२०२० च्या साथीनंतर पुष्कळ मुलाखती संगणकाच्या पडद्यावर होऊ लागल्या आहेत. म्हणजे नाकाला सुट्टी, असे वाटेल. तेही पूर्ण खरे नाही. इंग्लंडमध्ये २००९ साली क्रेग रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी काही तरुणांना सुगंधी फवारा दिला आणि काहींना दिसायला तसाच पण सुगंध व औषध नसलेला. नंतर त्यांच्या मूक चित्रफिती स्त्रियांना दाखवल्या. स्त्रियांपर्यंत वास पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता, तरीही सुगंधी फवारा वापरणारे तरुण त्यांना अधिक आकर्षक वाटले. नुसत्या छायाचित्रांत हा फरक पडला नाही. तो हालचालीत होता. आपल्याला वास येत नाही ना, ही धाकधूक गेली की माणूस निराळा वावरतो. (अशा संशोधनाला काही वेळा सुगंधी वस्तू बनवणाऱ्या कंपन्यांचेच पाठबळ असते, हे मात्र वाचताना ध्यानात ठेवावे.)

पण सगळी तयारी उमेदवारानेच का करावी? प्राध्यापक मंडळींपैकी अनेकजण निवड समित्यांवर बसतात, म्हणून धीटपणे लिहिते. नॉर्थवेस्टर्नच्या प्रयोगात ज्यांना वास कळला त्यांनाच तो बाजूला ठेवता आला. तेव्हा उमेदवार आत येताच काय वास आला हे परीक्षकाने मनाशी उघड म्हणावे. घामाचा आहे, धुराचा आहे, उंची अत्तराचा आहे. मग सर्वांना तेच प्रश्न विचारावेत आणि प्रत्येक उत्तराचे गुण तिथल्या तिथे मांडावेत. माणूस बाहेर गेल्यावर एकूण कसा वाटला यावरून नव्हे. कॅनडात हॅलिफॅक्स शहरातल्या अनेक कचेऱ्यांत आणि रुग्णालयांत तर सुगंध लावून येऊच नका अशी विनंती असते, कारण अत्तराने काहींना दमा होतो, डोके दुखते. जपानमध्ये दुसऱ्याला वासाचा त्रास देण्याला छळ या अर्थाचा शब्दच रूढ झाला आहे, आणि त्यात घामाइतकेच अत्तरही मोडते. आपल्याकडे नियम करण्याआधी कामगारांच्या वस्तीत रोज दोन बादल्या पाणी पुरेल एवढे नळ यावेत. आमच्या गल्लीत पाणी काही दिवसांआड येते आणि मुलाखत काही पाण्याचा दिवस बघून ठेवलेली नसते.

राहता राहिला प्रश्न स्वतःचा वास स्वतःला न येण्याचा. त्याला यंत्र नाही, आरसा नाही. दुसऱ्याचे नाक उसने घ्यावे लागते, आणि ते नाक घरच्यांचे असून चालत नाही, कारण तेही सरावलेले असते. आम्ही चौघी मैत्रिणींनी यंदा एक पद्धत पाडली आहे. कुणाची मुलाखत असेल त्या सकाळी मुलींच्या खोलीत भेटायचे आणि जिची मुलाखत तिने, “वास बघ गं,” म्हणून खांदा पुढे करायचा. सुरुवातीला दोघींना फार लाज वाटली. आता वाटत नाही. परवा एकीचा खांदा हुंगून दुसरी म्हणाली, “पावडर जास्त झाली, पूस थोडी.” मला म्हणाली, “तंबाखू आहे अजून ओढणीला. माझी घे.” आम्ही ओढण्या बदलल्या आणि मी बस पकडली.